गाडी खाली बसविण्यापूर्वी : स्पोर्ट्स कारच्या सस्पेन्शनचा हिशेब

कोल्हापूरचे गाडीवेड जुने आहे. दसऱ्याला राजघराण्याची मेबॅक गाडी पाहण्यासाठी लोक आजही गर्दी करतात. उद्यमनगरात लेथवर हात बसलेले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतून मोटार कंपन्यांना सुटे भाग जातात. अशा शहरातील तरुण मुले कंपनीने दिलेली गाडी जशीच्या तशी ठेवतील, ही अपेक्षाच चुकीची आहे.

म्हणूनच आमच्या गॅरेजवाल्या बांधवांकडे अलीकडे एक नवीन काम येऊ लागले आहे. गिऱ्हाईक गाडी घेऊन येते आणि सांगते, "कंपनीचे सस्पेन्शन काढा, गाडी खाली बसवा, स्पोर्ट्स कारसारखी घट्ट करून द्या." अस्सल स्पोर्ट्स कार आपल्या जिल्ह्यात थोड्या, पण स्विफ्ट, पोलो अशा गाड्यांना तो थाट देण्याची हौस मोठी. काम चांगले आहे, त्यात कमाईही आहे. मात्र ते समजून केले पाहिजे. न समजता केले तर गिऱ्हाइकाचा जीव आणि कारागिराचे नाव, दोन्ही धोक्यात येतात.

आम्ही कापडाचे व्यापारी. गाडीच्या विषयावर लिहिण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकार एवढाच की या विषयाची फी आम्ही भरलेली आहे.

२०१२ साली आमच्या पुतण्याने जुनी मारुती झेन घेतली. गाडी चांगली होती. एके दिवशी ती नेहमीपेक्षा बरीच खाली बसलेली दिसली. विचारले तर म्हणाला, "चाचा, स्प्रिंगा दीड-दीड वेढा कापून घेतल्या. आता बघा, रेसची गाडी वाटते." खर्च विचारला, बाराशे रुपये. बाराशे रुपयांत रेसची गाडी मिळते हे ऐकून आम्हीही हसलो आणि गप्प बसलो. ते गप्प बसणे आमची चूक होती.

महिनाभरात गगनबावड्याच्या रस्त्यावर, पावसात, एका वळणावर खड्डा आला. चाक खड्ड्यात उतरले तेव्हा आखूड झालेली स्प्रिंग आपल्या बैठकीतून सुटली. गाडी तिरपी झाली, स्टिअरिंग हातात राहिले नाही आणि गाडी कडेच्या चरीत गेली. पुतण्याचे मनगट मोडले. समोरून एस.टी. येत नव्हती म्हणून एवढ्यावर निभावले. दुरुस्तीला अडतीस हजार लागले. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने कापलेल्या स्प्रिंगचे फोटो घेतले आणि आमचा दावा नामंजूर झाला. दवाखान्याचा खर्च वेगळा.

त्यानंतर आम्ही चौकशी करू लागलो. जाणत्या मिस्त्रींकडे बसलो, पुस्तके चाळली, प्रश्न विचारले. त्यातून जे समजले ते येथे देत आहोत.

सस्पेन्शन करते काय?

पुष्कळांची समजूत अशी की सस्पेन्शन आरामासाठी असते, आणि आराम सोडला की वेग मिळतो. ही समजूत अर्धवट आहे. सस्पेन्शनचे पहिले काम चाक रस्त्याला धरून ठेवणे हे होय. गाडी वळते, थांबते, धावते ती चार टायरांच्या जोरावर, आणि प्रत्येक टायर रस्त्याला सुमारे तळहाताएवढ्या जागेवरच टेकलेला असतो. तेवढी जागा सुटली की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही निरुपयोगी.

या कामात चार भागीदार आहेत. स्प्रिंग वजन पेलते. शॉकअॅब्सॉर्बर, ज्याला गॅरेजमध्ये सगळे शॉकअप म्हणतात, तो वजन पेलत नाही. स्प्रिंगची उसळी मारतो. शॉकअप नसेल तर एका खड्ड्यानंतर गाडी कितीतरी वेळ झुलत राहील. तिसरा स्टॅबिलायझर, म्हणजे डावी-उजवी चाके जोडणारा दांडा. वळणावर गाडीचे कलणे तो कमी करतो. चौथे भागीदार म्हणजे रबरी बुश, बॉल जॉइंट आणि आर्म. चाकाने कोणत्या कोनात उभे राहायचे ते हे ठरवतात.

भागीदारीच्या धंद्यात एकाने परस्पर भांडवल वाढवले आणि बाकीच्यांना कळवलेच नाही तर हिशेब बिघडतो. येथेही तसेच आहे. कंपनीचे इंजिनिअर गाडीचे वजन, टायर आणि रस्ता पाहून चौघांचा मेळ घालतात. त्यातील एकच बदलला की उरलेले तिघे चुकीचे ठरतात.

स्प्रिंग कापली की काय होते?

स्प्रिंगचा कडकपणा तिच्या कार्यरत वेढ्यांवर अवलंबून असतो. वेढे कमी झाले की कडकपणा वाढतो. समजा स्प्रिंगला ६ वेढे आहेत. दीड कापला, साडेचार उरले. ६ भागिले ४.५ म्हणजे १.३३. स्प्रिंग एक तृतीयांशाने अधिक कडक झाली. शॉकअप मात्र जुन्याच स्प्रिंगच्या मापाचा आहे. तो या नव्या उसळीला पुरा पडत नाही आणि गाडी खड्ड्यावर टणाटण उडू लागते. गिऱ्हाइकाला वाटते गाडी घट्ट झाली. प्रत्यक्षात चाक रस्ता सोडू लागलेले असते.

दुसरे नुकसान असे की गाडी खाली आली तेवढी चाकाची वर जाण्याची जागा कमी झाली. थोडा मोठा खड्डा आला की सस्पेन्शन रबरी ठोकळ्यावर आदळते. त्या क्षणी स्प्रिंग काम करीत नाही. धक्का सरळ बॉडीला बसतो.

तिसरे, स्प्रिंगचे शेवटचे वेढे बैठकीत नीट बसावेत अशा आकाराचे असतात. कापलेले टोक तसे बसत नाही. शिवाय चाक खाली लोंबकळले की आखूड स्प्रिंग मोकळी होते आणि सरकते. आमच्या पुतण्याच्या गाडीत नेमके हेच घडले.

चौथे नुकसान लोहारकाम जाणणाऱ्या बांधवांना सांगावयास नको. गॅसने कापताना किंवा तापवून स्प्रिंग बसवताना पोलादाचे पाणी उतरते. त्या जागी स्प्रिंग मऊ पडते किंवा ठिसूळ होते आणि पुढे कधीतरी तुटते. कधी तुटणार, ते कोणीच सांगू शकत नाही.

खाली बसविल्याने फायदा किती?

फायदा मुळीच नाही असे नाही. वळणावर गाडीचे वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाते. किती जाते, हे गाडीच्या वजनाचा मध्य किती उंच आहे, दोन चाकांतील अंतर किती आहे आणि वळण किती जोरात घेतले यावर ठरते. तो मध्य समजा जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर आहे आणि गाडी ३ सेंटिमीटरने खाली घेतली, तर हे सरकणे सुमारे साडेपाच टक्क्यांनी कमी होईल. फायदा खरा आहे, पण एवढाच आहे.

कडक स्प्रिंगने गाडीचे कलणे कमी होते, वजनाचे एकूण सरकणे मात्र जवळपास तेवढेच राहते. हा भेद अनेक अनुभवी मिस्त्रींच्याही ध्यानात नसतो. आणखी एक गोष्ट अशी की बहुतेक लहान गाड्यांना पुढे मॅकफर्सन पद्धतीचे सस्पेन्शन असते. अशी गाडी फार खाली घेतली की खालचा आर्म उलट्या कोनात जातो आणि गाडी वळणावर पूर्वीपेक्षा जास्त कलू शकते. म्हणजे पैसे देऊन उलटे काम.

ट्रॅक वेगळा, रस्ता वेगळा

तरुण म्हणतात, मग रेसच्या गाड्या इतक्या खाली आणि इतक्या कडक का असतात? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर कोल्हापुरातच आहे. येथे मोहिते कुटुंबाने रेसिंग ट्रॅक उभारला. ध्रुव मोहिते फोक्सवॅगनच्या स्पर्धांत उतरले आणि कृष्णराज महाडिक ब्रिटनमधील फॉर्म्युला ३ पर्यंत गेले. या खेळाची पहिली पायरी गो-कार्ट ही असते. गो-कार्टला स्प्रिंग नसते आणि शॉकअपही नसतो. पाइपची चौकट थोडी वाकते, तेच तिचे सस्पेन्शन. ट्रॅक गुळगुळीत असल्यामुळे तेथे एवढे पुरते. तीच कार्ट आमच्या पेठेतील गल्लीत आणली तर दहा मिनिटांत चालविणाऱ्याची कंबर धरेल.

उलट उदाहरण रॅलीचे. कच्च्या रस्त्यावरील रॅलीत मारुती जिप्सीने अनेक वर्षे नाव गाजविले. जिप्सीला चारी चाकांना आपले जुने ओळखीचे पाटे होते. रॅलीवाले ती खाली बसवीत नसत. चाकाला वर-खाली जाण्यास भरपूर जागा मिळेल आणि शॉकअप तापून निकामी होणार नाही याकडे ते पाहत. रेस आणि रॅली दोन्हींत वेगच हवा असतो, पण सस्पेन्शन अगदी भिन्न. कारण रस्ता भिन्न.

आपल्या कापडधंद्याशी नाते असलेले एक नाव येथे सांगावेसे वाटते. कोईमतूरचे एस. करीवर्धन हे लक्ष्मी मिल्सच्या घराण्यातील. गिरणीवाल्यांचा हा मुलगा गाड्या बांधू लागला आणि मारुतीचे इंजिन वापरून त्यांनी रेसच्या लहान गाड्या तयार केल्या. भारतातील अनेक तरुण चालक त्यांवर शिकले. १९९५ साली लहान विमानाच्या अपघातात त्यांचे निधन झाले आणि कोईमतूरचा करी मोटर स्पीडवे त्यांच्या नावाने उभा आहे. त्यांनी हौस केली, पण ती मोजमाप करून केली आणि बंद ट्रॅकसाठी केली.

कामाचा योग्य क्रम

आमच्या गाडीची पुढे दुरुस्ती करणारे वयस्कर उस्ताद आम्हास म्हणाले होते, "शेठ, आधी गाडी कंपनीची तरी होऊ द्या, मग स्पोर्ट्स करू." या एका वाक्यात सगळा क्रम आहे.

पहिली पायरी : जुने ठीक करणे. सत्तर-ऐंशी हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे शॉकअप बहुधा थकलेले असतात, बुश फाटलेले असतात, बॉल जॉइंट ढिले असतात. हे बदला, चांगले टायर घाला, हवेचा दाब बरोबर ठेवा आणि मग गिऱ्हाइकाला गाडी चालवू द्या. निम्मी गिऱ्हाइके येथेच समाधान पावतील, असे त्या उस्तादांचे म्हणणे होते.

दुसरी पायरी : विचारणे. गाडी कोठे चालणार? पुणे-बेंगळूर महामार्गावर की आंबा घाटात? मागे माल असतो का? घरातील वडीलधारी माणसे बसतात का? उत्तराप्रमाणे काम ठरवावे.

तिसरी पायरी : स्प्रिंग आणि शॉकअप जोडीनेच बदलणे. एकाच उत्पादकाने एकमेकांसाठी बनविलेला संच घ्यावा आणि तो त्या मॉडेलचाच असावा. पुढचे दोन किंवा मागचे दोन एकदमच बदलावेत. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला जुना असे कधीही करू नये. आपल्या रस्त्यांवर २५ ते ३० मिलिमीटरपेक्षा जास्त खाली जाऊ नये. नियमाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावयास हवा, परंतु आपल्या गावोगावचे गतिरोधक कोणत्या नियमाने बांधलेले असतात हे वाचक जाणतातच.

चौथी पायरी : स्टॅबिलायझर, तोही गरज असेल तरच. पुढचा जाड केला तर वळणावर गाडीचे नाक बाहेर ओढले जाते. मागचा जाड केला तर मागची बाजू सुटण्याची भीती असते. सामान्य चालकाला नाक बाहेर गेलेले सावरता येते, कारण पाय उचलला की गाडी परत येते. मागची बाजू सुटलेली सावरणे कठीण. म्हणून मागच्या बाजूला हात लावताना दहा वेळा विचार करावा.

पाचवी पायरी : अलाइनमेंट. उंची बदलली की चाकांचे सर्व कोन बदलतात. हे काम न करता गाडी दिली तर नवे टायर आतल्या कडेने थोड्याच दिवसांत खलास होतात.

दोन गोष्टी हाताखालच्या पोरांना मुद्दाम शिकवाव्यात. एक, आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटपर्यंत आवळू नयेत. गाडी चाकांवर उभी करून, तिच्या नेहमीच्या उंचीवर आवळावेत. नाहीतर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. दोन, दाबलेल्या स्प्रिंगमध्ये शेकडो किलोंचा जोर कोंडलेला असतो. चांगला स्प्रिंग कॉम्प्रेसर लावल्याशिवाय वरचा नट सोडू नये. दोरी, तार किंवा साखळी बांधून जुगाड करू नये. ती स्प्रिंग सुटली तर तोंडावर येते.

काम संपल्यावर चारी चाकांजवळ जमिनीपासून बॉडीची उंची मोजावी आणि कामाआधीच्या मापांशेजारी वहीत लिहावी. मग स्वतः गाडी चालवून, ब्रेक मारून पाहावा. कापड मोजून देतो तसे हेही मोजूनच द्यावे.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही की ज्यामुळे ती उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच गोष्ट स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. नियमात न बसणारा बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

थकलेला शॉकअप काढून त्याच मापाचा, त्याच दर्जाचा घालणे ही दुरुस्ती झाली. तेथे अडचण नाही. गाडीची उंची आणि मापे बदलणारे काम असेल तर आधी आर.टी.ओ. कार्यालयात विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. विमा कंपनीलाही लेखी कळवावे. न कळविता केलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरच्या नजरेस पडला तर काय होते, ते आम्ही वर सांगितलेच आहे. फक्त ट्रॅकवर चालवावयाची गाडी असेल तर ती ट्रॅकवर वाहून न्यावी, रस्त्यावर चालवू नये.

धंद्याच्या दृष्टीने

ज्या कंपन्यांचे शॉकअप आज जगभर स्पोर्ट्स कारमध्ये घालतात, त्यांची सुरुवात पाहिली तर आपल्या कारागिरांना हुरूप यावा. हॉलंडची कोनी ही कंपनी १८५७ साली घोड्यांचा साज बनविणारी होती. जर्मनीची बिल्स्टाइन १८७३ साली खिडक्यांचे सामान बनवीत होती. घोडे गेले, मोटारी आल्या, आणि या लोकांनी आपला हुनर नव्या कामाकडे वळविला. आपल्याकडे टांग्यांचे पाटे बनविणारे हात ट्रकच्या पाट्यांकडे वळले, तसेच हे आहे.

तेव्हा पाटे, वेल्डिंग आणि अलाइनमेंट करणाऱ्या बांधवांनी या कामाकडे तुच्छतेने पाहू नये. चांगले टॉर्क पाने, स्प्रिंग कॉम्प्रेसर आणि अलाइनमेंटचे यंत्र घेण्यास भांडवल लागते. एकट्याला जड जात असेल तर शेजारच्या दोन-तीन गॅरेजवाल्यांनी मिळून घ्यावे. प्रत्येक कामाचे पक्के बिल द्यावे, त्यावर घातलेल्या भागांची नावे आणि मापे लिहावीत, काढलेला जुना माल गिऱ्हाइकाला परत द्यावा. उद्या त्याला गाडी विकावयाची झाली किंवा आर.टी.ओ.ने हरकत घेतली तर तोच माल उपयोगी पडतो. असे काम करणाऱ्याकडे सांगली, रत्नागिरी, बेळगावहूनही गिऱ्हाईक येईल.

आणि कोणी बाराशे रुपये पुढे करून "फक्त दोन वेढे कापून द्या" म्हणाला, तर त्याला नाही म्हणावे. तो रागावेल, दुसरीकडे जाईल, कदाचित तेथे काम करूनही घेईल. परंतु गिऱ्हाइकाची गाडी ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे, आणि त्या गाडीत त्याची आई-बहीणही बसणार आहे. आमच्या पुतण्याची स्प्रिंग ज्याने कापली तो वाईट माणूस नव्हता. त्याला हे कोणी सांगितले नव्हते आणि त्याने कोणाला विचारले नव्हते. पुतण्याचे मनगट थंडीत आजही दुखते.